भेंडी बाजार : मनोरे उभे राहिले, दुकानांचे काय?

मगरिबची अजान झाली की मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर काही मिनिटे अनोळखी शांतता पसरते. दुकानदार गल्ल्याशेजारीच बसून खजूर तोंडात टाकतो, हमाल त्याच थाळीतली कलिंगडाची फोड उचलतो, समोर गिऱ्हाईक असेल तर थाळी त्याच्यापुढेही सरकते. रोजा सुटतो, नमाज होते आणि मग सगळा रस्ता एकदम जागा होतो. मिनारा मशिदीलगतच्या गल्लीत कढया तापतात, मालपुवे फुगतात, मातीच्या वाट्यांत फिरनी मांडली जाते. तरावीहची नमाज सुटल्यावर तर पाय ठेवायला जागा नसते. दादर, ठाणे, डोंबिवलीहून खास खाण्यासाठी आलेली मंडळी या गर्दीत असतात. त्यांतल्या कितीतरी जणांनी रोजा धरलेला नसतो आणि ते कुणी विचारतही नाही. सहरीच्या वेळेपर्यंत हा रस्ता झोपत नाही.

इथल्या विक्रेत्यासाठी हा महिना इबादतीचा तसाच हिशेबाचाही असतो. कपडे, टोप्या, अत्तर, शेवया, सुका मेवा, चपला, बांगड्या... ईदच्या आधीच्या दहा-बारा रात्रींत जो गल्ला जमतो, त्याच्या जोरावर पुढचे मंदीचे महिने निघतात. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी रमजान टाळेबंदीत आणि निर्बंधांत गेला. माल भरून बसलेल्यांचे तेव्हा काय झाले असेल, हे कुठल्याही पेठेतला व्यापारी न विचारता सांगेल.

याच रस्त्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर, भेंडी बाजारात, चाळींच्या डोक्यावरून दोन उंच मनोरे दिसतात. मालपुव्याचे फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोडे जण मान वर करून तिकडे पाहतात. देशातल्या जुन्या बाजारपेठांना नवे रूप देण्याच्या प्रयोगांत हा प्रयोग आकाराने मोठा आहेच, पण तो सरकारने किंवा बिल्डरने सुरू केलेला नाही. तो एका समाजाने स्वतःच्या ट्रस्टमार्फत हाती घेतला. म्हणून तो नीट पाहण्यासारखा आहे. जुनी पेठ, अरुंद गल्ली, मोडकळीला आलेली घरे आणि खाली जिवंत धंदा ही अडचण मुंबईची एकटीची नाही. मिरजेपासून मालेगावपर्यंत ती सगळीकडे आहे.

नावापासूनच या भागाच्या दोन कथा सांगतात. एक म्हणजे इथे भेंडीची झाडे होती, त्यांवरून भेंडी बाजार. ही भेंडी म्हणजे भाजीची नव्हे. पिवळी फुले येणारे समुद्रकाठचे झाड. दुसरी कथा अशी की, क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा भाग म्हणून इंग्रज 'बिहाइंड द बझार' म्हणत आणि त्याचे लोकांनी भेंडी बाजार केले. क्रॉफर्ड मार्केट 1869 सालचे, त्यामुळे दुसरी कथा ऐकायला गमतीची असली तरी तिच्यावर फार भार टाकू नये.

गोदीत, गिरणीत, बाजारात काम करायला आलेल्या माणसांसाठी इथे चाळी उठल्या. बोहरा, मेमन, खोजा, कोकणी मुसलमान, इराणी, उत्तरेकडून आलेले कारागीर असे अनेक जण आपापली गल्ली धरून राहिले. इराण्यांची मोगल मशीद 1860 सालची. उत्तर प्रदेशातल्या बिजनोर भागातून आलेल्या छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या तीन भावांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे राहून गाणे शिकवले आणि त्यांच्या गायकीला गावाचे नव्हे, तर बाजाराचे नाव पडले : भेंडी बाजार घराणे. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर याच गायकीत घडल्या. पुढे अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकरांनी तालीम घेतली. गोमंतकी आणि मराठी गळ्यांना उत्तरेतल्या उस्तादांनी मुंबईच्या बाजारात गाणे दिले, याचे त्या काळी कुणाला नवल वाटले नाही.

मोहम्मद अली रोडच मुळात एका 'सुधारणे'तून निघालेला आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीत हवा खेळत नाही म्हणून रोग पसरतो, असा निष्कर्ष निघाला आणि 1898 साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट मोहल्ल्यांतून रुंद रस्ते कापून काढले. त्यांतल्या सिडनहॅम रोडला पुढे मोहम्मद अली यांचे नाव मिळाले. रस्ता झाला, हवा आली, गाड्या आल्या. पण कापलेल्या घरांतली माणसे शेजारच्या, आधीच भरलेल्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. मग शंभर वर्षांनी, 2002 साली, त्याच रस्त्याच्या डोक्यावरून दोन किलोमीटरहून लांब जे.जे. उड्डाणपूल गेला. त्याला मखदूम अली माहिमी यांचे नाव आहे. पुलावरून जाणारा माणूस बाजाराच्या वरून जातो, बाजारात येत नाही. दोन्ही वेळा रस्ता सुधारला, दोन्ही वेळा बाजाराला विचारले गेले नाही.

घर पडके का झाले?

या इमारती एवढ्या खंगल्या कशा, याचे उत्तर रहिवाशांच्या निष्काळजीपणात शोधणारे लोक बरेच भेटतात. खरे उत्तर कायद्यात आणि पागडीत आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी 1940 च्या पातळीला बांधून टाकली. महागाईच्या आणि घरटंचाईच्या त्या दिवसांत भाडेकरूला ते संरक्षण आवश्यकच होते. पण वर्षे गेली, भाडे तेच राहिले आणि महिन्याच्या भाड्यात जिन्याची एक पायरीही दुरुस्त होईना. मालकाने हात काढून घेतला. भाडेकरूने लाखो रुपयांची पागडी देऊन खोली किंवा गाळा घेतलेला. तरी कागदावर तो भाडेकरूच. तो आपल्या खोलीत फरशी घालील, पण मालकाच्या भिंतीवर, छपरावर, सांडपाण्याच्या नळावर पैसे कसे घालील? गाळा दुसऱ्याला दिला की पागडीतला साधारण तिसरा हिस्सा मालकाला, एवढाच काय तो दोघांचा संबंध उरला. 1999 च्या नव्या कायद्याने पागडीला मान्यता दिली, पण तोवर पन्नास पावसाळे होऊन गेले होते.

1969 साली राज्याने इमारत दुरुस्ती मंडळ स्थापले. जुन्या इमारतींकडून उपकर घ्यायचा आणि त्यातून डागडुजी करायची, अशी योजना होती. अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या तेव्हा 19 हजारांच्या वर होती. लाकडी तुळयांना लोखंडी टेकू लागले, टेकूंना गंज लागला आणि टेकूखाली दुकान चालूच राहिले. भेंडी बाजारातल्या कित्येक चाळी मुळात एकट्या कामगारांसाठी बांधलेल्या. एका मजल्याला सामायिक संडास, आठ-दहा फुटी खोल्या. त्यांत पुढे तीन-तीन पिढ्यांची कुटुंबे वाढली.

2009 साली दाऊदी बोहरा समाजाचे तेव्हाचे धर्मगुरू डॉ. सय्यदना मोहम्मद बुरहानुद्दीन यांच्या पुढाकाराने सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. याच वस्तीत रौदत ताहेरा ही समाजाची अत्यंत आदराची समाधी आहे. तिच्या आतल्या भिंतींवर संपूर्ण कुराण कोरलेले आहे. तेव्हा ही जागा सोडून जायचे नाही, हे आधीच ठरलेले होते. ट्रस्टने आखलेली योजना 16.5 एकरांची : सुमारे 250 इमारती, 3,200 कुटुंबे आणि 1,250 दुकाने. म्हणजे एकरी 190 हून अधिक कुटुंबे आणि पंचाहत्तर दुकाने. एवढी दाटी दुसरीकडे सहज सापडणार नाही.

योजनेचा आराखडा मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या समूह पुनर्विकासाच्या तरतुदीवर, म्हणजे 33(9) वर, उभा आहे. एकेक इमारत पाडून तिच्याच जागी बोट उभे करण्याऐवजी पूर्ण समूह एकत्र घ्यायचा, रस्ते आणि गटारे नव्याने आखायची, भाडेकरूला मोफत मालकीचे घर द्यायचे आणि वाढीव चटईक्षेत्रातले काही मजले विकून खर्च भागवायचा. किमान 350 चौरस फुटांचे घर, स्वतःचा संडास-बाथरूम आणि कागदावर स्वतःचे नाव. ऐंशी-शंभर चौरस फुटांत आयुष्य काढलेल्या बाईला हे शेवटचे दोन शब्द किती मोठे वाटत असतील, हे नकाशा पाहून कळणार नाही.

मधल्या काळात कुटुंबांना राहायला संक्रमण निवास हवा. माझगावच्या अंजीरवाडीसारख्या ठिकाणी ट्रस्टने तो उभा केला. बिल्डरच्या योजनांत लोकांची सगळ्यात मोठी भीती तीच असते की, बाहेर काढतील आणि परत आणणार नाहीत. संक्रमण शिबिरात जन्मलेली मुले तिथेच लग्नाला आल्याची उदाहरणे मुंबईत कमी नाहीत. इथे समाजाचा आणि धर्मगुरूंचा शब्द मध्ये होता, म्हणून खोल्या रिकाम्या करणे तुलनेने सोपे गेले. भरवशाचे मोल कुठल्याच प्रकल्प अहवालात लिहिलेले नसते, पण भेंडी बाजारातले पहिले भांडवल तेच होते.

तरीही सगळे जण निघाले नाहीत. पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत आधीच धोकादायक ठरलेली होती. काही कुटुंबे संक्रमण निवासात गेली होती, काही राहिली होती. मुंबईला झोडपणारा पाऊस दोन दिवसांपूर्वीच होऊन गेला होता. 31 ऑगस्ट 2017 च्या सकाळी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. पुढे जुलै 2019 मध्ये जवळच डोंगरीत आणखी एक इमारत पडली. 'जुने सौंदर्य टिकवा, मनोरे नकोत' असे लांबून म्हणणाऱ्यांनी ही दोन वर्षे लक्षात ठेवावीत. इथे काहीच न करणे हाही एक निर्णय असतो आणि त्याची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते.

घर परत येते, धंदा येतो का?

पहिल्या टप्प्यातले अल इझ्झ नावाचे दोन मनोरे 2020 मध्ये पूर्ण झाले. त्यांत सहाशेच्या आसपास कुटुंबे आणि शंभरावर दुकाने आली. हे आकडे मूळ आकड्यांशेजारी ठेवून पाहिले, तर अकरा वर्षांत पाचातले साधारण एक कुटुंब नव्या घरी पोचले आणि दुकानांतले साधारण दहावे. मुंबईतल्या इतर रखडलेल्या योजनांच्या मानाने ही गती वाईट म्हणता येत नाही. पण कुटुंब अकरा वर्षे वाट पाहू शकते. मुले शाळेत जातात, संसार चालतो, घर बदलले तरी माणूस तोच राहतो. दुकानाचे तसे नसते.

दुकान म्हणजे चार भिंती आणि शटर एवढेच नव्हे. त्याचा अर्धा जीव बाहेर असतो. टोप्यांच्या दुकानाशेजारी टोप्यांचेच दुकान असते, कारण गिऱ्हाईक गल्ली ठरवून येते, दुकान नंतर निवडते. मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात जुना ग्रामोफोन शोधणारा माणूस दहा दुकाने पाहतो, अकराव्यात घेतो. त्यांतली चार दुकाने तीन वर्षांसाठी दुसरीकडे गेली, तर उरलेल्या सहांचेही गिऱ्हाईक पातळ होते. मालाचे तसेच. ज्याच्याकडे रंग संपला तो शेजाऱ्याकडून डबा आणतो, संध्याकाळी हिशेब करतो. उधारी वहीवर चालते आणि वही ओळखीवर. हे जाळे नकाशावर काढता येत नाही, त्यामुळे नकाशा काढणाऱ्याच्या ते लक्षात राहत नाही.

जागेचा प्रकारही महत्त्वाचा. चाळीखालच्या गाळ्याला पोटमाळा असतो. माल वर, दुकान खाली, दुपारी कारागीर वर बसून शिवतो, रात्री तिथेच पाठ टेकतो. दारापुढे दोन फूट ओटा असतो, त्यावर अर्धा धंदा होतो. रस्त्यावरून चालणाऱ्याची नजर थेट मालावर पडते. नव्या इमारतीत गाळा चौरस, स्वच्छ, नियमाप्रमाणे मोजून दिलेला असतो. अग्निशमनाच्या दृष्टीने तो शंभर पटींनी बरा, यात वाद नाही. पण तो पहिल्या मजल्यावर गेला, आतल्या बाजूला वळला किंवा ओट्याच्या जागी काचेचे दार आले की, दहा रुपयांची वस्तू विकणारा अडचणीत येतो. सोन्याच्या दुकानात माणूस जिना चढून जाईल. सुरमा आणि तसबीह घ्यायला कोण चढणार? शिवाय मनोऱ्याला लिफ्ट, पंप, रखवालदार, साफसफाई लागते. ज्याने आयुष्यभर नाममात्र भाडे भरले त्याच्या दारात आता दरमहा देखभालीची पावती येते. मोफत मिळालेली जागा सांभाळायला पैसे लागतात, ही गोष्ट पुनर्विकासाच्या सभांत शेवटच्या पाच मिनिटांत सांगितली जाते.

म्हणून बाजाराच्या पुनर्विकासात पहिला प्रश्न क्रमाचा असायला हवा. कोणती गल्ली आधी पाडायची, त्या गल्लीतला धंदा त्या काळात कुठे बसेल, एका मालाची दुकाने एकत्र हलतील की विखुरतील, आणि ती हलवण्याचा महिना कोणता. रमजानच्या तोंडावर गाळा रिकामा करायला लावणे म्हणजे वर्षाची कमाई काढून घेणे. दिवाळीच्या आधी तुळशीबागेत कुणी असे करू धजणार नाही. इमारतींचे वेळापत्रक अभियंते करतात, बाजाराचे वेळापत्रक सण आणि लग्नसराई करतात. ही दोन कॅलेंडरे समोरासमोर ठेवून बसण्याची जागा आपल्याकडच्या योजनांत कुठेच नेमलेली नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. समाजाचा ट्रस्ट असला की विश्वास आपोआप येतो, पण बाजार एका समाजाचा नसतो. भेंडी बाजाराच्या योजनाक्षेत्रात बोहरा बहुसंख्य असले तरी इतर मुसलमान आहेत, हिंदू आहेत. समाजातल्या माणसाला गाऱ्हाणे घेऊन जायला जमातीचा दरवाजा असतो. बाहेरच्याला कोर्ट असते. या दोहोंच्या मध्ये सगळ्यांना सारखे बसता येईल असा बाक हवा आणि तो बाजाराच्या नावाने हवा, जमातीच्या नव्हे. ट्रस्टच्या हेतूवर शंका न घेताही हे म्हणता येते. चांगल्या हेतूच्या योजनेला तर त्याची जास्तच गरज असते.

यादीत नसलेली माणसे

1,250 दुकाने या आकड्यात गाळे येतात. त्यांत पोटमाळ्यावर झोपणारा कारागीर येत नाही. गाळ्याच्या मालकाकडून अर्धी जागा तोंडी बोलीवर घेतलेला पोटभाडेकरू येत नाही. पाटीवाला, हमाल, चहा पोचवणारा पोऱ्या येत नाही आणि रमजानमध्ये ज्यांच्यामुळे या रस्त्याचे नाव देशभर झाले ते शेगडीवाले, सरबतवाले, खजुरांच्या हातगाड्या लावणारेही येत नाहीत. पुनर्विकासात पात्रता कागदावर ठरते. बाजारातली निम्मी माणसे शब्दावर जगतात.

पदपथावरच्या विक्रेत्यांसाठी 2014 साली संसदेने कायदा केला. त्यानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती हवी, तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत तिसरा हिस्सा महिलांचा. पाच वर्षांतून एकदा तरी मोजणी करायची. मोजणी होईपर्यंत कुणाला उठवायचे नाही. मुंबईत 2014 च्या सर्वेक्षणात सुमारे 99 हजार विक्रेत्यांचे अर्ज आले, पात्र ठरले ते 32 हजारांच्या आसपास. समितीची निवडणूक व्हायला 2024 साल उजाडले. दहा वर्षांत एक विक्रेता तरुणाचा मध्यमवयीन होतो.

रमजानच्या तात्पुरत्या ठेल्यांचा प्रश्न त्याहून नाजूक. ते अकरा महिने नसतात, म्हणून मोजणीत येत नाहीत. बाराव्या महिन्यात असतात, म्हणून अडथळा ठरतात. वाहतुकीच्या आणि अग्निशमनाच्या तक्रारी खोट्या नाहीत. रुग्णवाहिका अडकली तर कुणाच्याच पुण्यात भर पडत नाही. पण जत्रेला, गणेशोत्सवाला, दिवाळीच्या आकाशकंदिलांना आपल्या नगरपालिका तात्पुरती जागा आणि परवाना देतात. त्याच धर्तीवर रमजानच्या रात्रबाजाराची आखणी करता येते : किती ठेले, कोणत्या बाजूला, गॅस कुठे, कचरा किती वाजता उचलायचा, मधला रस्ता किती फूट मोकळा. हे ठरवणे अवघड नाही. ते वेळेवर आणि विक्रेत्यांसमोर ठरवणे अवघड पडते.

दिल्लीत उलटे झाले

भेंडी बाजारात सुरुवात इमारतींपासून झाली. दिल्लीच्या चांदणी चौकात ती रस्त्यापासून झाली. शाहजहानची मुलगी जहांआरा हिने 1650 च्या सुमारास वसवलेला हा बाजार. मधोमध कालवा होता आणि त्यात चांदणे पडे, म्हणून ते नाव. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे 1.3 किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधून 2021 च्या सप्टेंबरमध्ये खुला झाला. लाल दगडाची फरसबंदी, बसायला बाक, तारा जमिनीखाली आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंदी.

चालणाऱ्याला सुख झाले, म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडता येऊ लागला. दिगंबर जैन लाल मंदिर, गुरुद्वारा शीशगंज आणि फतेहपुरी मशीद ही तिन्ही ठिकाणे एका संध्याकाळी रमतगमत पाहता येतात, हे काही लहान सुख नव्हे. व्यापाऱ्यांनी मात्र वेगळी कुरकुर केली : घाऊक माल कधी उतरवायचा, वयस्क गिऱ्हाईक किल्ल्यापासून चालत कसे यायचे? आणि बंदी पाळून घ्यायला माणूस नसला की दगडी खुंट्यांमधून दुचाक्या पुन्हा शिरतात. रस्ता सुंदर करण्याला एकदा पैसे लागतात, तो तसा ठेवायला रोज लागतात. मागे, कट्ऱ्यांच्या आत, जुन्या हवेल्यांची अवस्था मात्र तशीच राहिली. मुंबईत घरे नवी झाली आणि रस्त्यावरचा धंदा टांगणीला लागला. दिल्लीत रस्ता चमकला आणि त्याच्या पाठीमागची घरे तशीच कलंडलेली.

अहमदाबादच्या माणेक चौकात याहून जुने शहाणपण दिसते, तेही कुठल्याही आराखड्याशिवाय. दिवसा तिथे सराफी चालते, रात्री त्याच जागेवर खाण्याच्या गाड्या लागतात. एकाच दगडावर दोन धंदे, वेळ वाटून. कुणाला हटवावे लागत नाही, कारण प्रत्येकाची घटका ठरलेली आहे. मोहम्मद अली रोडही रमजानमध्ये नेमके हेच करतो. फरक इतकाच की, अहमदाबादेत त्याला परंपरा म्हणतात आणि इथे अतिक्रमण.

लहान शहरांत मनोरे येणार नाहीत, तिथे विकास आराखड्यातली रुंदीकरणाची रेघ येते. नकाशावर पेठेच्या दोन्ही बाजूंनी लाल रेघ मारलेली असते. ती कधी तरी वीस वर्षांपूर्वी मारलेली असते आणि तिच्यामुळे कुणी घर दुरुस्त करत नाही, कारण पुढची भिंत जाणारच. मुंबईत भाडेकायद्याने जे केले ते गावोगावी ही रेघ करते. रेघेच्या आत दर्ग्याचा कट्टा येतो, मारुतीचे देऊळ येते, शंभर वर्षांचे किराणा दुकान येते. वाद मग कट्ट्याचा आणि देवळाचा होतो. किराणा दुकानाचे कुणी नाव घेत नाही.

त्या पेठेतही खरी मोजणी दुकानांच्या दारांची करून भागत नाही. तिथे किती माणसे कोणत्या वेळी कशावर पोट भरतात, आठवडी बाजाराला कोण येते, उरुसाला आणि यात्रेला किती ठेले वाढतात, माल कुठून उतरतो, बायकांना बसायला आणि जायला जागा कुठे आहे, ही यादी शाळेतल्या मुलांना हाताशी धरूनही पंधरा दिवसांत होते. व्यापारी संघटना, जमात, मंडळे आणि हातगाडीवाले एका टेबलाशी बसले तर ती आराखड्याच्या आधी तयार असू शकते. आराखडा आल्यावर केलेल्या यादीला कुणी फारसे वाचत नाही.

कायद्याने विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवाव्या लागतात. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छापली जाते, ठरावीक मुदत असते. पेठेतला दुकानदार ती एरवीही क्वचितच वाचतो. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत किंवा धनत्रयोदशीच्या आठवड्यात ती निघाली, तर ज्या पानावर ती छापली आहे त्याच पानात तो गिऱ्हाइकाला शेवया बांधून देतो.